संथ गावाची कादंबरी कुठे लिहिली जाते?

नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली, हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. तारखांकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. ९ फेब्रुवारी १९३३ ला त्यांनी लिहायला घेतलं आणि १३ तारखेच्या पहाटे संपवलं. पुस्तकात प्रकरणं, म्हणजे रात्री, आहेत ४२. तुरुंगातली कामं उरकून, मिळेल त्या वेळात आणि जागरणं करून हा माणूस दिवसाकाठी आठ-नऊ रात्री कागदावर उतरवत होता.

आणि त्या रात्रींमध्ये घडतं तरी काय? आंघोळ झालेल्या पोराच्या ओल्या तळव्यांना घाण लागू नये म्हणून आई दगडावर लुगड्याचे ओचे पसरते. पोहायला घाबरून लपलेल्या पोराला तीच आई शिंपटीनं झोडपून विहिरीकडे धाडते. झाडावरच्या कळ्या आदल्या रात्रीच तोडल्या म्हणून बोलणी बसतात. पत्रावळ लावता येत नाही, म्हणून ती शिकावी लागते. मधूनच एखादी गाय येते, एखादा सावकाराचा माणूस येतो. श्यामच्या गावचं, कोकणातल्या पालगडचं आयुष्य इतकं सावकाश चालतं की एका रात्रीला एक पत्रावळसुद्धा पुरते. इतकं सावकाश पुस्तक इतक्या झपाट्यानं कसं लिहून झालं, हे कोडं मला कितीतरी वर्षं पडलेलं आहे.

बरं, हे एकट्या गुरुजींचं असतं तर भावनेचा कढ म्हणून सोडून देता आलं असतं. पण भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' बघा. १९६३ साली मुंबईहून गावी, सांगवीला परतलेल्या तरुणानं ती काही आठवड्यांच्या आत लिहून काढली. पांडुरंग सांगवीकरचं आळसावलेलं, रेंगाळलेलं, कुठेच न पोचणारं तारुण्य लिहिताना लेखणी मात्र रेंगाळली नाही. सावकाश जगलेलं आत कुठेतरी साठत राहतं आणि सुटतं तेव्हा एकदम सुटतं, असं काहीतरी असावं.

मोठं होण्याच्या कादंबऱ्यांची यादी मनात घेऊन बसलं की आणखी एक गोष्ट ध्यानात येते, आणि ती जास्त चकित करणारी आहे. 'श्यामची आई' कोकणात लिहिली गेली नाही, तुरुंगात लिहिली गेली. पालगडच्याच दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे श्री. ना. पेंडसे लहानपणीच मुंबईला आले, बेस्टमध्ये नोकरीला लागले आणि ट्रामच्या, बसच्या हिशेबात दिवस घालवून उरलेल्या वेळात 'एल्गार', 'हद्दपार', 'गारंबीचा बापू' लिहीत राहिले. कागलच्या शेतात मोट हाणलेले आनंद यादव पुण्यात विद्यापीठात मराठी शिकवायचे, तेव्हा 'झोंबी' झाली. व्यंकटेश माडगूळकर माणदेश सोडून मुंबई-पुण्यात शब्दांवर पोट भरू लागले आणि मग 'बनगरवाडी' आली. बंगालीत पाहावं तर तिथेही हेच. 'पथेर पांचाली' लिहिताना बिभूतिभूषण बंद्योपाध्याय आपल्या गावात नव्हते. बिहारमध्ये भागलपूरला एका जमीनदारीच्या नोकरीत, रानाच्या कडेला एकटे राहत होते. स्वित्झर्लंडचा गॉटफ्रीड केलर आपल्या 'हिरव्या हाइनरिश'चं लहानपण लिहायला बर्लिनमध्ये जाऊन बसला होता.

म्हणजे संथ गावाची कादंबरी बहुतेक वेळा गावाबाहेर लिहिली जाते, आणि तीही अशा ठिकाणी, जिथे घड्याळ कडक असतं. तुरुंगात घंटा असते, बेस्टमध्ये वेळापत्रक, विद्यापीठात तास. नेमाडे गावात बसून लिहिते झाले खरे, पण मुंबईची धावपळ अंगावर घेऊनच ते परतले होते.

कारण सरळ आहे. गावात राहणाऱ्याला गाव संथ आहे हे कळतच नाही. त्याला ते नेहमीच्या चालीचं वाटतं. संथपणा ही तुलनेत दिसणारी गोष्ट आहे. दुसरी, वेगाची चाल अंगवळणी पडली की पहिली कशी होती ते उमगतं, आणि तोवर ती सुटलेली असते.

मोठं होण्याच्या या जातीच्या कादंबरीला जर्मनांनी वेगळं नाव दिलं आणि तिचा आद्य नमुना म्हणून गटेच्या 'विल्हेल्म माइस्टर'कडे बोट दाखवलं. ती १७९५-९६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात व्यापाऱ्याचा मुलगा घर सोडून नाटकवाल्यांच्या मागे जातो, ठेचा खातो, शहाणा होतो. युरोपातल्या अशा कित्येक कादंबऱ्यांत घर हा उंबरठा असतो आणि खरं शिक्षण बाहेर होतं. मराठीत गंमत अशी झाली की आपल्या लेखकांनी नजर उंबरठ्याच्या आतच ठेवली. पोरगं पुढे जातं हे आपल्याला ठाऊक असतं, पण पानं भरतात ती आईनं, बापानं, आजीनं, गोठ्यातल्या जनावरांनी. यादवांच्या 'गोतावळा'त (१९७१) तर नारबाचं कुटुंब म्हणजे मळ्यातले बैल, म्हशी, कुत्री हेच. ट्रॅक्टर येतो आणि एकेक करून हे कुटुंब विकलं जातं, मोडलं जातं. माणसाच्या रक्ताचं कुणी नसताना कुटुंबाची एवढी भरगच्च कादंबरी मी दुसरी वाचलेली नाही.

पण कागदावर संथपणा तयार करतात कसा? सावकाश लिहून नाही, हे तर वर दिसलंच. लांबलचक लिहूनही नाही. 'बनगरवाडी' (१९५५) एका सुट्टीच्या दिवसात वाचून होते. तरी पुस्तक मिटताना आपण तिथे वर्षानुवर्षं राहून आलो असं वाटतं. ही करामत उलगडून बघण्यासारखी आहे.

कादंबरी सुरू होते ती चालत. राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा, मिसरूड फुटलेला तरुण मास्तर उजाडायच्या आधी घरून निघतो आणि माळामाळानं बनगरवाडीला पोचतो. हाताशी वाहन नाही, सडक नाही. माडगूळकर त्याला पोचवायची घाई करत नाहीत, आणि इथेच वाचकाची चाल ठरून जाते. पुढे या पुस्तकात जे काही होईल ते पायी चालण्याच्या वेगानं होईल. निरोप पायी येतो, बातमी पायी येते, राग आणि पश्चात्तापसुद्धा पायीच येतात, म्हणजे उशिरा.

वाडी धनगरांची. मास्तर पोचतो तर गाव ओस, कारण सगळे मेंढरांमागे रानात. शाळेत पोरं नाहीत, कारण पोरंही मेंढरांमागे. म्हातारा कारभारी या पोरसवद्या मास्तराला वरून खालून न्याहाळतो. शिकवायला आलेल्याचीच परीक्षा सुरू होते. मास्तर मोठा होतो तो शिकवून नव्हे. वाडीची कामं करता करता तो मोठा होतो. कुणाचं पत्र लिहून दे, कुणाचं वाचून दाखव, तालुक्याला जातोयस तर अमुक घेऊन ये, पैसे तेवढे जपून ठेव. वाडी आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये हा एकटा माणूस दोरीसारखा ताणलेला असतो. कारभाऱ्याची पोर अंजी त्याच्याकडे चोळी शिवून आणायला देते. एवढंच. पण दादू बालट्यासारखा कळलाव्या माणूस गावात असला की एवढ्याचंही केवढं होतं, आणि कारभाऱ्याच्या मनात अढी बसते. कुठल्याही शहरी कादंबरीत एका चोळीवर इतकी पानं खर्च करायची हिंमत कुणी केली नसती.

कुटुंबाचं काय? मास्तर घर सोडून आलेला आहे, तरी ही कुटुंबाचीच कादंबरी आहे. कारभारी त्याचा आजा होतो, अनाथ मुसलमान पोरगा आयबू त्याचा भाऊ होतो, चोरीचा वारसा घेऊन जन्मलेला आनंदा रामोशी घरातल्या आडमुठ्या काकासारखा वागतो. कुणी कुणाला नात्यानं बांधलेलं नाही, पण एकमेकांचे लागतात सगळेच. आणि मग मास्तराच्या डोक्यातून निघालेली तालीम सगळं गाव राबून बांधतं. तिच्या उद्घाटनाला खुद्द औंधचे राजे येतात.

इथे थोडं थांबायला हवं, कारण हे औंध भलतंच मजेदार संस्थान. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेले होते, आणि १९३८-३९ च्या सुमाराला गांधीजींच्या सल्ल्यानं त्यांनी कारभार गावपंचायतींच्या हाती सोपवायचा प्रयोग केला. माडगूळकरांचं माडगूळ याच संस्थानातलं. आणि पालगडचा श्याम, म्हणजे साने गुरुजी, गरिबीमुळे शिकायला काही काळ याच औंधला येऊन राहिले होते. कोकणातला एक मुलगा आणि माणदेशातला एक मुलगा, दोघांच्या मोठं होण्याच्या वाटा या टीचभर संस्थानातून गेलेल्या. मराठीतली ही दोन सर्वांत लाडकी पुस्तकं एकाच राजाच्या सावलीत येऊन जातात, हे लक्षात आलं तेव्हा मी नकाशा काढून बसलो होतो.

वाडीकडे परत जाऊ. पाऊस पडत नाही. माणदेश पर्जन्यछायेतला, तिथे पाऊस हुकणं ही काही बातमी नव्हे. पण या वेळी तो फारच हुकतो. चारा संपतो, मेंढरं मरायला लागतात, आणि एकेक घर जगायला बाहेर पडतं. शेवटी शाळेत पोरं नाहीत म्हणून मास्तराची बदली होते. आता हे शांतपणे बघा. इतर सगळ्या कादंबऱ्यांत पोरगं गाव सोडतं आणि गाव मागे राहतं. 'बनगरवाडी'त गावच आधी निघून जातं. मोठा झालेला तरुण रिकाम्या वाडीत उभा राहतो आणि मग निघतो. या एका उलटापालटीसाठी मी या पुस्तकाला बाकीच्यांच्या वरची जागा देतो. 'श्यामची आई' रडवते म्हणून मोठी मानायची पद्धत आहे. मला तिच्यातलं रडू कधीकधी जास्त होतं. 'बनगरवाडी' रडवत नाही. ती नुसती रिकामी होत जाते.

पुढे माडगूळकरांनी तीस-एक वर्षं पुणे आकाशवाणीत ग्रामीण कार्यक्रम केले. 'बनगरवाडी' इंग्रजीत गेली, १९९५ मध्ये अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट काढला. माडगूळकरांच्या माणदेशी माणसांची चाल मात्र कुठल्याच माध्यमात पुस्तकाइतकी जमली नाही, असं माझं मत.

संथपणा म्हणजे गोडवा असंही समजू नये. शहरात राहणाऱ्यांना गावाचं संथपण आठवतं ते आमराईसारखं, मे महिन्यातल्या सुट्टीसारखं. 'झोंबी' (१९८७) वाचली की ही आमराई वाळते. तिथे दिवस सरत नाही कारण मोट सरत नाही. विहिरीत उतरायची, भरून वर यायची, पुन्हा उतरायची. बापाला पोरगं शाळेत नको, शेतात हवं. आई एकामागून एक बाळंतपणं काढते, खाणारी तोंडं वाढत जातात, आणि पोरगा आनंदा मात्र हट्टानं पुस्तक धरून बसतो. इथे सावकाश चालणारा काळ पोराला दाबून टाकणारा आहे. त्यातून सुटायला आख्ख्या कादंबरीएवढी झटापट करावी लागते. यादवांना याच पुस्तकासाठी १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

प्रकाश नारायण संतांचा लंपन याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. 'वनवास' (१९९४) आणि पुढची तीन पुस्तकं कथांची आहेत, पण ती एका दमात वाचली की कादंबरीच हाती लागते. आजी-आजोबांकडे राहणारा, आईपासून दूर असलेला, कानडीच्या शेजारात वाढणारा सीमाभागातला मुलगा. संत कऱ्हाडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. दगडांचं वय मोजणाऱ्या माणसानं एका मुलाच्या मनातले क्षण इतक्या बारकाईनं मोजावेत, याचं मला नवल वाटत नाही. ज्यानं लाख वर्षांचा थर बघितलाय त्याला दुपारच्या पाच मिनिटांची किंमत कळत असणार.

आणि मुली? त्या कुठे आहेत? गाव सोडून शिकायला गेलेला मुलगा कादंबरी लिहितो. लग्न होऊन गेलेली मुलगीही गाव सोडतेच, तिलाही दुसरं घड्याळ मिळतं, पण तिच्या हाती लेखणी क्वचित आली. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहे, आणि तिची ऐट अशी की तिच्यापुढे निम्मे पुरुष लेखक फिके पडतात. ती मात्र आत्मचरित्र. बनगरवाडीच्या अंजीनं तिची बाजू लिहिली असती, तर त्या चोळीची गोष्ट किती वेगळी निघाली असती!

हे सगळं मी लिहितोय ते मीरा-भाईंदरमध्ये बसून. इथल्या इमारतींत कोकणातली, देशावरची, खानदेशातली, गुजरातची, उत्तर प्रदेशची माणसं आहेत, म्हणजे गाव सोडलेलीच. सकाळच्या लोकलमध्ये मिनिटाचा हिशेब ठेवणारा माणूस गणपतीत गावाला पोचला की दोन दिवस त्याचा पाय जमिनीला लागत नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याला तिथलं सावकाश चालणं खुपायला लागतं. पेंडशांना लागलं होतं तेवढं साहित्य इथल्या प्रत्येक सोसायटीत पडून आहे. त्यातून कादंबऱ्या निघतील, निघाव्यात. पण मला जास्त कुतूहल आहे ते इथल्याच गावांचं.

कारण हे शहर मुळात गावांचंच. १९८५ मध्ये भाईंदर, मिरे, काशी, नवघर, घोडबंदर अशा ग्रामपंचायती एकत्र करून इथे नगरपालिका झाली. नंतर राई, मुर्धे, डोंगरी, उत्तन असा पश्चिमेचा पट्टा त्यात आला. २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे गेली होती. भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून उत्तनच्या बसमध्ये बसलं की काही मिनिटांत कौलारू घरं, क्रूस, विहिरी, भातखाचरं, देवळं दिसायला लागतात. गावं अजून आहेत. नुसती आहेत असं नाही, तिथे एक वेगळा काळसुद्धा आहे.

तो काळ मोजायची रीत बघितलीत तर थक्क व्हाल. किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीची वेळ कळायला छापील तक्ता लागत नाही. आजची तिथी घ्यायची आणि तिला पाऊणनं गुणायचं. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, सहा. म्हणजे पूर्ण भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराचे पाऊणपट, सव्वाअकरा. म्हणजे दुपारी आणि मध्यरात्रीच्या जरा आधी. यामागचं कारण चंद्र. तो रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच सरकते. पन्नास मिनिटांचा पाऊण तास करून तोंडी हिशेबात बसवलेला आहे. थोडी चूक राहते, पण होडीला ती चालते.

उत्तनच्या कोळ्याचा दिवस या हिशेबावर चालतो, म्हणजे त्याचा दिवस रोज वेगळ्या वेळी सुरू होतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, मग जाळी दुरुस्त करायची. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा. पावसाळा सरला की वलांडीवर बोंबील टांगायचे आणि ऊन-वारा देईल तेवढ्या वेळात ते सुकतील याची वाट बघायची.

मिठागरातला काळ याहून सावकाश. पावसाळा संपला की बांध नीट करायचे, तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा. मग उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं. रोजच्या भरतीचं पाणी तेवढं चढत नाही, म्हणून अमावास्या-पौर्णिमेची वाट बघायची. ते पाणी एका उथळ खणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सोडत राहायचं. प्रत्येक खणात ते थोडं आटतं, थोडं जड होतं. आधी चुन्यासारखे क्षार खाली बसतात, मीठ नंतर. उन्हाळ्यात मीठ ओढायचं, ढीग घालायचे, आणि पहिल्या पावसाच्या आत सगळं उचलायचं, नाहीतर वर्षाची मेहनत परत खाडीत. माणसानं घाई केली म्हणून पाणी लवकर आटत नाही. आगरी माणसांच्या कित्येक पिढ्या या चालीवर वाढल्या, याच भाईंदरमध्ये, रेल्वे रुळांच्या दोन्ही बाजूंना.

आता कल्पना करा. १९८५ साली राईत किंवा शेजारच्या मोर्व्यात दहा वर्षांचं एक पोर आहे. बाप मिठागरात, आई भाताच्या खाचरात किंवा बाजारात मासळी, भाजी घेऊन. पोर भरती मोजायला आजोबांकडून शिकतंय. ते मोठं होत असताना समोर खाजणावर भराव पडतोय, रस्ते येतायत, मजले चढतायत. हे पोर गाव सोडून गेलं नाही. बनगरवाडीसारखं गावही निघून गेलं नाही. शहर चालत आलं आणि पोराच्या अंगणाशेजारी येऊन राहिलं. पालगडचा श्याम, कागलचा आनंदा, बनगरवाडीचा मास्तर, यांतल्या कुणावरही ही वेळ आलेली नव्हती. आज तो मुलगा पन्नाशीत आहे.

वर मी म्हटलं की संथ गावाची कादंबरी गावाबाहेर लिहिली जाते. मग यानं कुठे बसून लिहावी? मला वाटतं याला कुठेही जायची गरज नाही. श्यामला पालगड आणि नाशिक यांच्यामध्ये जे अंतर मिळालं, ते याला एकाच जागेवर, चाळीस वर्षांत मिळालेलं आहे. दुसरं घड्याळही आहे. घरातून लोकलचा भोंगा ऐकू येतो आणि खिशात भरतीचा हिशेब असतो. दोन्ही वेळा ज्याच्या अंगात मुरल्यात असा माणूस मराठी कादंबरीला अजून हवाच आहे.

खाडीपलीकडे वसईत याची वाट थोडी पाडली गेलेली आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'नाही मी एकला' या आत्मचरित्रात वसईतल्या आपल्या लहानपणापासूनचं जग मांडलं. २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४ मध्ये गेले. वसईची माती त्यांच्यामुळे मराठी वाचकाला ओळखीची झाली. उत्तन, राई, मुर्धे ही त्यांच्या समोरच्याच काठावरची गावं.

तेव्हा या गावांतल्या वाचकांना माझं एक मागणं आहे. लिहायला घ्या. पाच दिवसांत होईल असं नाही, पण सुरुवात एका रात्रीत होते. मोठी घटना शोधू नका. एखाद्या उधाणाच्या दिवशी तुमच्या आजोबांनी बांधावर काय केलं, आईनं सुक्या बोंबलाचं काय केलं, शेजारच्या खाजणावर पहिला डंपर रिकामा झाला तेव्हा घरात कोण काय बोललं, एवढं पुरे आहे. घरी बोलता त्याच बोलीत लिहा, आगरी असो, कोळी असो की ख्रिस्ती घरांतली. 'गोतावळा' कागलच्या बोलीत लिहिला गेला आणि साऱ्या महाराष्ट्रानं वाचला. आणि तुम्ही लिहिणार नसाल, तर घरातल्या सत्तरी-ऐंशीच्या माणसांजवळ बसून तिथीचा तो हिशेब, मिठागरातल्या खणांची नावं, औजारांची नावं निदान वहीत उतरवून ठेवा. ती नावं सांगणारी माणसं दर वर्षी कमी होत आहेत.